गोडाऊनसाठी लेबल प्रिंटर घेतला, आठ महिने वापरला, त्याचा अनुभव

आमचं भिवंडीला माणकोली साइडला इलेक्ट्रिकल मालाचं गोडाऊन आहे. फार मोठं नाही, वायर, स्विच, एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आणि निम्म्याच्या वर एलईडी पॅनल. डिस्पॅच मी बघतो. मागच्या नोव्हेंबरात आम्ही चार इंची थर्मल ट्रान्सफर (म्हणजे रिबनवरची शाई उष्णतेने लेबलवर उतरवणारा) लेबल प्रिंटर घेतला, २०३ डीपीआयचा, सोबत एक वायरवाला लेझर स्कॅनर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मशीन सगळी साधारण सारखीच असतात, आणि खरं सांगायचं तर आमची निम्मी डोकेदुखी मशीनमुळे नव्हतीच, आम्ही लेबलवर काय छापलं आणि ते कुठे चिकटवलं यामुळे होती.

घ्यायचं कारण सांगतो. एलईडी पॅनल ३००० केल्विनचा म्हणजे पिवळा, ६५०० चा म्हणजे पांढरा, पण खोका दोन्हीचा तोच, रंग तोच, फक्त एका कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात आकडा. नाशिकच्या एका दुकानदाराची ऑर्डर होती ६५०० ची, आमच्याकडून एक खोका ६५०० चा नि एक ३००० चा गेला. त्याने ते पुढे एका हॉलच्या कामाला दिले, वायरमनने दिवसाउजेडी बसवले आणि संध्याकाळी लाइट लावल्यावर अर्धं छत पिवळं अर्धं पांढरं. फोनवर मी काय काय ऐकलंय ते इथे टाइप करण्यासारखं नाही. एमसीबीचंही तेच, बी १६ आणि सी १६ शेजारी ठेवले तर एका अक्षराचा फरक.

पहिली चूक आम्ही पैसे वाचवायला केली. हा प्रिंटर रिबनशिवायपण चालतो, डायरेक्ट थर्मल म्हणतात, पेट्रोल पंपाची पावती असते ना तसलाच कागद. म्हटलं रिबनचा खर्च कशाला. मार्चपर्यंत मस्त चाललं. आमच्या गोडाऊनला पत्र्याचं छप्पर, एप्रिल-मे मध्ये सगळ्यात वरच्या रॅकवर हात लावला तर चटका बसतो, तिथली लेबलं करडी पडली आणि ज्यांच्यावर पोरांनी निघू नये म्हणून वरून सेलोटेप मारला होता त्यांची तर अक्षरंच उडाली, कोरा कागद. शंभरेक खोकी परत उघडून बघायला लागली आत काय आहे ते. कुरिअरला दोन दिवसात जाणाऱ्या पार्सलला डायरेक्ट थर्मल चालतो, स्टॉकमध्ये महिनोनमहिने राहणाऱ्या मालाला अजिबात नाही.

मग रिबन मागवली, ती उलटी आली. म्हणजे शाई आतल्या बाजूला आणि बाहेरच्या बाजूला अशा दोन प्रकारच्या रिबन असतात हे आम्हाला माहीतच नव्हतं, अख्खा दुपारचा वेळ लेबलं कोरी बाहेर येतायत आणि आम्ही ड्रायव्हर परत परत इन्स्टॉल करतोय. शेवटी रिबनवर नख ओढून बघितलं, काळं लागतं ती शाईची बाजू, आणि ती लेबलच्या बाजूला यायला पाहिजे. आधी वॅक्स म्हणजे मेणाच्या शाईची रिबन घेतली होती, स्वस्त असते, पण टेम्पोत खोक्याला खोका घासून छपाई पुसली जायची. आता वॅक्स-रेझिन (मेणात राळ मिसळलेली) वापरतो, नखाने खरवडलं तरी सहज जात नाही. रिबन लेबलपेक्षा थोडी रुंद घ्या, नाहीतर कडेला हेड (छापणारा, तापणारा भाग) थेट कागदावर घासतं आणि हेड महाग आहे.

आता बारकोड. यात मी चार दिवस डोकं फोडलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमचे आयटम कोड १४ अक्षरांचे होते, लेबल ५० बाय २५ मिलिमीटरचं. स्क्रीनवर छान दिसायचं, छापून यायचं, पण स्कॅनर दहातल्या सहा वेळा गप्प. हिशोब असा निघाला की २०३ डीपीआय म्हणजे एका मिलिमीटरला ८ ठिपके. आम्ही छापतो त्या बारकोडच्या प्रकारात, कोड १२८ मध्ये, एका अक्षराला ११ बारीक खाने लागतात, वर सुरुवात, शेवट आणि तपासणीच्या (चेक) खुणेचं वेगळं, म्हणजे १४ अक्षरांचे १८९ खाने. एका खान्याला दोन ठिपके धरले तर बारकोडच ४७ मिलिमीटरचा, आणि दोन्ही बाजूंना थोडी कोरी जागा लागतेच नाहीतर स्कॅनरला सुरुवात कुठे तेच कळत नाही. ५० च्या लेबलात ते मावणारच नाही, म्हणून सॉफ्टवेअर गुपचूप दाबून बसवत होतं आणि रेघा एकमेकीत जात होत्या. मग कोड १० अक्षरांवर आणले, सगळं मिळून ४१ मिलिमीटरच्या आसपास, आता पहिल्या फटक्यात बीप. टॅलीत सगळे कोड बदलायला तीन रविवार गेले, शेठ म्हणाले आधीच का नाही विचार केला, बरोबरच होतं त्यांचं.

दुसरा किस्सा रंगीत लेबलांचा. मला वाटलं ३००० ला पिवळं लेबल आणि ६५०० ला निळं केलं तर लांबूनच कळेल. आयडिया चांगली, पण आमच्या लेझर स्कॅनरचा उजेड लाल. लाल उजेडाला गडद निळा रंग काळ्यासारखाच दिसतो, मग काळ्या रेघा कशा उठणार. पिवळी झटकन वाचली जायची, निळी एकही नाही. निळ्या लेबलांचे दोन रोल अजून कपाटात पडून आहेत, कोणाला हवे असतील तर सांगा 😄 आता बारकोड पांढऱ्यावरच, आणि बाजूला रंगीत गोल टिकली.

पण सगळ्यात जास्त फायदा कशाने झाला विचाराल तर बारकोडने नाहीच. लेबलच्या अर्ध्या भागात आम्ही आता फक्त आकडा छापतो, ६५०० किंवा ३०००, दहा फुटांवरून दिसेल एवढा. आमचे हमाल मामा आहेत, पस्तीस वर्षं याच लाइनीत, ते स्कॅनरला हात लावत नाहीत, पण आता रॅकखाली उभं राहून नुसती मान वर करून सांगतात हा नाही, पलीकडचा. आधी महिन्याला दहा-बारा चुकीचे माल परत यायचे, जूनमध्ये दोन आले आणि त्यातला एक तर दुकानदारानेच चुकीचा लिहून पाठवला होता.

रॅकना नंबर नव्हते. जागा म्हणजे 'पंख्याखाली', 'खिडकीजवळ', 'जुन्या ऑफिसच्या मागे'. पंखा दोन वर्षांपूर्वी जळाला तरी पंख्याखाली चालूच, नवीन पोरगा पंखा शोधत फिरायचा. आता ए-०७-३ असं, म्हणजे ओळ, खण आणि जमिनीपासून मोजलेला कप्पा. इंग्रजीतले आय आणि ओ वगळले कारण ते एक आणि शून्यासारखे दिसतात. वरच्या कप्प्याची लेबलं आधी वरच लावली होती, मग स्कॅन करायला रोज शिडी. आता सगळ्या कप्प्यांची लेबलं खांबावर डोळ्यासमोर, बाणासकट.

खोक्यावरच्या खुणांचं पण सांगतो. ग्लास म्हणजे फुटणारा माल, छत्री म्हणजे ओलावा टाळा, दोन बाण म्हणजे ही बाजू वर, या सगळीकडे सारख्याच असतात. मी उत्साहाने मराठीत मोठं 'वर' छापलं, आमची निम्मी पोरं यूपी-बिहारची, त्यातला एक म्हणाला भैया ये 'वर' क्या, शादीवाला? बाण ठेवले, शब्द काढला. तसंही प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी येत नाही, विंडोज ड्रायव्हरमधून चित्र म्हणून पाठवावं लागतं.

पावसाळ्याचं आत्ताच कळतंय. ओलसर किंवा धूळ बसलेल्या पुठ्ठ्यावर लेबल संध्याकाळपर्यंत कान उचलतं. कोरड्या फडक्याने पुसून, लावल्यावर तळहाताने घासायचं, खोक्याच्या घडीवर किंवा उघडायच्या टेपवर लावायचं नाही, खोका उघडला की लेबल फाटलंच. दोन शेजारच्या बाजूंना एकेक लावतो, कारण लावणाऱ्याने नेमकी लेबलची बाजू भिंतीकडे केलेली असतेच.

एक काम अजून बाकी आहे, लेबलवर मालाचा महिना छापायचं. कंपनीने खोक्यावर छापलेला, ८९० ने सुरू होणारा बारकोड प्रत्येक बॅचला तोच असतो, माल कधीचा हे त्यावरून कळत नाही, आणि आमच्याकडच्या एलईडीची वॉरंटी तारखेवर चालते त्यामुळे जुना माल आधी जायला पाहिजे. सध्या मामा खडूने खोक्यावर महिना लिहितात आणि तेच चालू आहे.

मशीनबद्दल थोडक्यात: रोल बदलला की गॅप सेन्सर (दोन लेबलांमधली फट ओळखतो तो) कॅलिब्रेट करा, म्हणजे नव्या रोलला जुळवून घ्या, नाहीतर छपाई खाली सरकत जाते, आणि हेड दर रोलला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आमच्या हेडला एक पांढरी रेघ पडलीय, धूळ, माझीच हयगय. बारकोडच्या उभ्या रेघांमधून जात नाही म्हणून सध्या चाललंय.