प्रेशर मोड की व्हॉल्यूम गॅरंटी: नवजात बाळाच्या व्हेंटिलेटरवर काय लावावं?

आधी प्रेशर मोडची बाजू सांगतो. पीआयपी (श्वास आत देतानाचं कमाल प्रेशर), पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेलं प्रेशर) आणि रेट (मिनिटाला किती श्वास) लावला की तो चालू. रात्रपाळीला नव्याने आलेल्या सिस्टरलाही चटकन समजतो. बाळाच्या श्वासनलिकेतल्या ट्यूबला सहसा कफ (cuff, बाजूची फट बुजवणारा फुगा) नसतो, त्यामुळे बाजूने हवेचा लीक असतोच. तरी हा मोड कुरकुर न करता ठरलेलं प्रेशर देत राहतो.

मला खटकायचं ते सर्फॅक्टंट (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारं औषध) दिल्यानंतरचं. औषध फुप्फुसात पसरलं की कॉम्प्लायन्स, म्हणजे फुप्फुसाचा मऊपणा, बघता बघता सुधारतो. ज्या १८ च्या पीआयपीने मघाशी ४ मिली जात होते, त्याच १८ ने आता ७-८ मिली जायला लागतात. पीआयपी उतरवायला कुणीतरी तिथेच उभं राहायला हवं, आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या वॉर्मरवरचं (बाळाला ऊब देणाऱ्या खाटेवरचं) बाळ बिघडतं. परत येऊन गॅस (रक्तातल्या वायूंची तपासणी) करावा तर कार्बन डायऑक्साइड तिशीच्या खाली. तो असा घसरला की मेंदूकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते झेपत नाही. असा रिपोर्ट हातात आला की मला फार वाईट वाटायचं. ड्युटीवरचं कुणी कामात कमी पडलेलं नसायचं.

व्हॉल्यूम गॅरंटीत ही राखण मशीन करतं. प्रत्येक श्वासाला वजनाच्या किलोमागे ४ ते ६ मिली हवा ठरवून द्यायची; एक किलोच्या बाळाला एका श्वासात चहाच्या चमच्याएवढी हवा. फुप्फुस मऊ पडलं की प्रेशर आपोआप उतरतं, १८, १६, १३ असं स्क्रीनवर दिसतं. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) आणि मेंदूतला गंभीर रक्तस्राव व्हॉल्यूमच्या गटात कमी आढळले. माझ्यापुरतं सांगायचं तर रात्रीचे धक्के कमी झाले. तुमच्याकडे कदाचित वेगळं दिसेल.

कटकट इथेही आहे. फ्लो सेन्सरमध्ये (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या भागात) पाण्याचा थेंब अडकला की आलेखाची रेघ थरथरते आणि मशीनला वाटतं बाळच श्वास घेतंय. सर्किटचा (मशीन ते बाळ या नळ्यांचा) उतार बाळापासून दूर ठेवावा लागतो. लीक ४०-५० टक्क्यांच्या वर गेला तर आकड्यांवर विसंबू नये. ट्यूब बदलावी, नाहीतर तेवढ्यापुरतं प्रेशरवर यावं. 'लो व्हॉल्यूम'चा अलार्मही वारंवार वाजतो. पण ट्यूब सरकलीय किंवा स्राव साठलाय हे तोच आधी सांगतो, म्हणून तो मला हवासा वाटतो. प्रेशर मोडवर अशा वेळी पीआयपीचा आकडा जिथल्या तिथेच राहतो.

जास्तीचे सेन्सर नसतील किंवा त्यांचं कॅलिब्रेशन (मोजमाप बरोबर येतंय का ते जुळवणं) नियमित होत नसेल, तर प्रेशरवर राहणंच बरं. ते जमत असेल तर सर्फॅक्टंट द्यायच्या बाळाला सुरुवातीपासूनच गॅरंटी लावून बघा. किलोमागे ५ मिली ठेवा आणि कमाल प्रेशरची मर्यादा चालू पीआयपीपेक्षा साधारण ५ ने जास्त.