एक्ससीसोअर : बंदी असलेल्या हवाईक्षेत्रांच्या नोंदीच्या कसोटीवर एक परीक्षण

मुंबईहून कामशेतला जाऊन टॉवर हिल किंवा शेलारच्या डोंगरावरून पॅराग्लायडिंग करणारे वैमानिक उड्डाणाचे उपकरण घेताना किंमत, बॅटरी आणि उन्हात पडदा कितपत दिसतो याची चौकशी करतात. माझ्या मते त्याआधी, प्रतिबंधित व निर्बंधित हवाईक्षेत्रांच्या सीमा त्यात कशा भरतात आणि भरलेल्या सीमा पडताळता येतात का, हे विचारायला हवे. या कसोटीवर एक्ससीसोअर हे उड्डाण करताना नकाशा, उंची आणि हवाईक्षेत्रे दाखवणारे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मला अत्यंत विश्वासार्ह वाटते. ते अँड्रॉइड फोनवर आणि कोबोच्या काही ई-रीडरवर चालते.

विश्वासाचे कारण साधे आहे. सीमा ओपनएअर या हवाईक्षेत्रे लिहिण्याच्या पद्धतीतील मजकूर फाईलमधून वाचल्या जातात आणि ती फाईल कोणालाही उघडून ओळीओळीने वाचता येते. ‘एसी’च्या ओळीत क्षेत्राचा वर्ग, ‘एएन’मध्ये नाव, ‘एएल’ व ‘एएच’मध्ये खालची आणि वरची उंची येते, त्यानंतर प्रत्येक कोपऱ्यासाठी ‘डीपी’ची एक ओळ, किंवा वर्तुळ असल्यास केंद्रबिंदू आणि ‘डीसी’ म्हणजे त्रिज्या. ही त्रिज्या सागरी मैलांत असते. एक सागरी मैल 1.852 किलोमीटरचा असल्यामुळे मूळ माहिती कोणत्या एककात दिली आहे, हे पाहूनच आकडा लिहावा.

खरी काळजी अक्षांश-रेखांश लिहिताना घ्यावी लागते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीमध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत, अंश, मिनिटे आणि सेकंद सलग छापलेले असतात, म्हणजे 190530 याचा अर्थ 19 अंश, 5 मिनिटे, 30 सेकंद. फाईलमध्ये ते 19:05:30 असे मध्ये अपूर्णविराम (:) देऊन लिहायचे. हाच आकडा 19.0530 अंश असा दशांशात वाचून रूपांतरित केला, तर बिंदू दक्षिणेकडे चार किलोमीटरहून अधिक सरकतो, म्हणजे जवळजवळ दादर ते भायखळा एवढा. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रासारखी उड्डाणास मज्जाव असलेली ठिकाणे ज्या शहरात आहेत, तेथे ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही. लिहिण्याची पद्धत चुकली, तर सॉफ्टवेअरला ती ओळ नीट वाचता येत नाही. पण पद्धत बरोबर आणि आकडा चुकीचा असेल, तर ते चुकीची सीमासुद्धा तितक्याच ठळकपणे रेखाटते. म्हणून फाईल दुसऱ्या वैमानिकाकडून एआयपीशी ताडून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

सीमेकडे जाताना मिळणारी सूचना किती सेकंद आधी यावी, हे ठरवता येते आणि आपल्या उंचीजवळची क्षेत्रेच नकाशावर दाखवण्याची सोय आहे. क्षेत्राची कमाल मर्यादा फ्लाइट लेव्हलमध्ये, म्हणजे प्रमाणित हवेच्या दाबावरून ठरणाऱ्या उंचीच्या पातळीत, दिलेली असते तेथे मात्र दाबावरून मोजलेली उंची लागते, आणि अनेक फोनमध्ये बॅरोमीटर नसतो. अशा फोनला स्वतंत्र बॅरोमेट्रिक व्हेरिओ (हवेच्या दाबावरून उंची आणि चढ-उताराचा वेग दाखवणारे उपकरण) जोडणे मी आवश्यक मानतो.

फाईल एकदा भरून काम संपत नाही. हवाईक्षेत्रांतील बदल एआयआरएसी या 28 दिवसांच्या चक्रानुसार लागू होतात. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले; घाटमाथा ओलांडून कोकणात उतरू पाहणाऱ्याने त्याआधीची फाईल वापरूच नये. नोटॅममधून (वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचनेतून) येणारी तात्पुरती बंदी मी वेगळ्या फाईलमध्ये लिहितो. एक्ससीसोअरमध्ये एकापेक्षा अधिक हवाईक्षेत्र फाइली निवडता येत असल्यामुळे मुदत संपताच तेवढीच फाईल काढून टाकता येते आणि मूळ फाईलला हात लावावा लागत नाही.

पडद्यावर बोटाने सीमा आखण्याची सोय हवी असणाऱ्यांना ही पद्धत कष्टाची वाटेल. संगणकावर बसून एकेक ओळ लिहिण्याची तयारी असलेल्या वैमानिकाला मात्र मी हे सॉफ्टवेअर निःसंकोच सुचवेन.