घडाजवळची पानं काढायची की फुटी विरळायच्या?

द्राक्षबागेत गोडी छाटणीला (घड येण्यासाठी ऑक्टोबरच्या सुमारास करतात ती) महिना उलटला की नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडच्या बांधांवर हा प्रश्न निघतोच. वेल दाटलाय, घड झाकलेत, वर दव पडतंय. मग पानं तोडावीत का?

पानं काढण्याचा फायदा खरा आहे. घडाला वारं लागतं, दव लवकर सुकतं, फवारा आतपर्यंत पोचतो. डावणी आणि भुरी या दोन्ही बुरशीजन्य रोगांना आळा बसतो. डिपिंग करताना, म्हणजे मणी फुगवायच्या द्रावणात घड बुडवताना, तो सहज हाती लागतो, हेही काही कमी नाही. पण थॉम्पसन या हिरव्या वाणाचा एक घड नीट पोसायला काडीवर साधारण 15-16 पानं लागतात. ऐन फुलोऱ्यात पानं ओरबाडली तर फुलांना मिळणारं अन्नच तुटतं आणि गळ वाढते. आधीच गळकुजीची (फुलं-मणी गळण्याची, घड कुजण्याची) धास्ती असते, त्यात ही भर कशाला?

दुसरा मार्ग फुटी, म्हणजे काडीवर फुटलेले नवे कोंब, विरळण्याचा. फूट 5-6 पानांवर आली की घड दिसू लागतो, वांझ फूट ओळखता येते. तेव्हाच फेलफुटी (नको असलेल्या, बिनघडाच्या फुटी) काढल्या, पुढे बगलफुटी (पानांच्या बगलेतून येणाऱ्या) खुडत राहिलं, तर हवा खेळते आणि घडाची पानंही शाबूत राहतात. अडचण एकच, मजुरांची. हे काम मोजक्या दिवसांत उरकावं लागतं आणि त्याच दिवसांत गावातल्या सगळ्या बागांना बाया हव्या असतात. आठवडा चुकला की फूट जून होते, मोडताना काडीला जखम होते, आणि तोवर वेलीची ताकदही तिच्यात गेलेली असते.

तरीही माझा कौल फुटी विरळण्यालाच. पानं काढायचीच झाली तर मणी सेट झाल्यावर (फुलाचा मणी धरल्यावर), घडाच्या खालची जुनी दोन-तीन, तीही सकाळच्या उन्हाच्या बाजूची. पश्चिमेच्या पानांना हात लावू नका. एका वर्षी मण्यांत पाणी उतरल्यावर, म्हणजे ते पिकायला, मऊ पडायला लागल्यावर, आम्ही तीही काढली. सावलीत वाढलेल्या मण्यांवर दुपारचं ऊन एकदम पडलं आणि चट्टे उठले. जे वाचले ते पिवळसर झाले. निर्यातीला हिरवा मणी लागतो. तो माल स्थानिक बाजारात द्यावा लागला, त्याची हळहळ अजून आहे.

शरदसारख्या काळ्या वाणाचं गणित थोडं वेगळं. रंग भरायला त्याला उजेड हवा, म्हणून तिथं पानं थोडी जास्त विरळ केली तरी चालतं. वेल आडव्या मांडवावर चढवलेला असेल तर खाली अंधार जास्त, त्यामुळे तिथंही हात जरा सैल सोडता येतो. वाय पद्धतीच्या बागेत (इंग्रजी Y च्या आकाराच्या आधारावर वेल चढवलेला असतो) मात्र बाजूनं ऊन शिरतंच, तिथं जपून.

ठरत नसेल तर सकाळी दहाच्या सुमारास ओळीत वाकून बघा. घडावरचं दव तोवर सुकलं असेल तर पानं आहेत तशी राहू द्या.