प्रोजेक्टसाठी थ्रस्ट एसएससी की गोल्डनरॉड?

प्रोजेक्टसाठी थ्रस्ट एसएससी ही जेटवाली विक्रमी गाडी निवडू की चाकांच्या जोरावर पळणारी गोल्डनरॉड, यात एक मुलगी अडकलीये, म्हणून माझं मत सांगतो.

नुसता वेग बघायचा तर विषयच संपला. थ्रस्ट एसएससी १५ ऑक्टोबर १९९७ ला नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात ताशी १२२८ किमीने पळाली, म्हणजे आवाजाच्याही पुढे, आणि गोल्डनरॉडचा १९६५ चा आकडा आहे ६५८.

पण इंजिनिअरिंग म्हणाल तर मला गोल्डनरॉडच जास्त आवडते. थ्रस्टला फायटर विमानाची दोन स्पे जेट इंजिनं ढकलतात, चाकं नुसती सोबत फिरतात. गोल्डनरॉडमध्ये चार क्रायस्लर हेमी इंजिनं एकामागे एक लावलीयेत, ताकद चारही चाकांना, आणि अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर टायर जेवढं धरेल तेवढाच जोर कामाचा, त्याच्या वर दिलात की चाक जागच्या जागी गरगरणार. म्हणून तर ती बनवणाऱ्या समर्स बंधूंनी हवेचा अडथळा कमी करायला गाडी इतकी लांब आणि बारीक केली!

धाडस दोन्हीकडे आहे, कारण तासाभरात उलट दिशेने परत पळावंच लागतं, विक्रम दोन्ही फेऱ्यांच्या सरासरीवर. तरी थ्रस्टचं बघून पोटात गोळा येतो, स्टिअरिंग मागच्या चाकांना, गाडी बाजूला ओढतेय आणि ड्रायव्हर अँडी ग्रीन ती सरळ ठेवायला झगडतोय.

एरोडायनॅमिक्स (हवा गाडीभोवती कशी वाहते), शॉकवेव्ह (आवाजाच्या पुढे गेल्यावर हवेत उठणाऱ्या दाबाच्या लाटा) शिकायच्या असतील तर थ्रस्ट घे. गिअर, टायर, पकड यात रस असेल तर गोल्डनरॉड.