हसवणारा किस्सा की डोळ्यांत पाणी आणणारा प्रसंग? उपदेशाची तयारी करणाऱ्यासाठी

शनिवारी रात्री उद्याच्या उपदेशासाठी पवित्र शास्त्रातलं वचन ठरलेलं असतं, मुद्दे कागदावर उतरलेले असतात आणि एका गोष्टीपुरती जागा उरलेली असते. तिथे चर्चच्या मंडळीला हसवणारा किस्सा घालायचा, की मन हेलावून टाकणारा प्रसंग? नव्याने उपदेश करू लागलेले तरुण मला हे पुन्हा पुन्हा विचारतात. बहुतेकांना विनोदाची धास्ती वाटते. प्रेरणादायी प्रसंग मात्र ते निर्धास्तपणे उचलतात, कुठूनही. माझ्या मते काळजी नेमकी दुसऱ्या बाजूला जास्त घ्यायला हवी.

कारण साधं आहे. किस्सा रचलेला असतो हे सांगणाऱ्याला ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. त्यातले पाळकसाहेब कुठल्या गावचे, हे कोणी विचारत नाही. प्रेरणादायी प्रसंग मात्र ‘हे खरंच घडलं’ या जोरावर उभा असतो. तो खोटा निघाला, तर त्याच तोंडून ऐकलेल्या वचनावरही शंकेची सावली पडते.

गरुडाची गोष्ट मीही सांगितली आहे. चाळिशीला आलेला गरुड डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच मोडतो, नखं उपटतो, पिसं काढतो आणि पाच महिन्यांनी नवा होऊन आणखी तीस वर्षं जगतो. देवाची वाट पाहणारे गरुडासारखे वर उडतील असं सांगणाऱ्या यशयाच्या ४० व्या अध्यायाला ती अगदी चपखल बसते, म्हणून घेतली. उपासना संपल्यावर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, “चोचच नसेल तर पाच महिने तो खाईल काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. असा पक्षी उपाशी मरेल, हे मला आधीच सुचायला हवं होतं. पुढच्या रविवारी मी पुलपीटावरून ती गोष्ट मागे घेतली. वचन आपल्या पायावर उभं होतंच. त्याला खोट्याचा टेकू मी दिला होता.

प्रेरणादायी प्रसंगाचा दुसरा धोका, प्रसंग अगदी खरा असला तरी उरतोच. शिकागोचे वकील होरेशियो स्पॅफर्ड यांची कथा आपल्या मंडळ्यांत नेहमी सांगितली जाते. नोव्हेंबर १८७३ मध्ये अटलांटिकवर ‘व्हिल द्यू हाव्र’ हे जहाज बुडालं, त्यांच्या चारही मुली गेल्या, पत्नी ॲना वाचल्या, आणि त्या दुःखातून त्यांनी जिवाला शांती देणारं ते प्रसिद्ध गीत लिहिलं. घटना खरी आहे. पण महिन्यापूर्वी मूल गमावलेली आई समोरच्या बाकावर बसली असेल, तर तिला यातून काय ऐकू येतं? त्याने चार गमावूनही गीत लिहिलं, आणि मला अजून नीट प्रार्थनाही करता येत नाही. म्हणजे माझा विश्वासच कमी. सांगणारे गीतापाशी थांबतात हीच अडचण आहे. १८८० मध्ये त्यांचा लहान मुलगाही तापाने गेला, आणि पुढच्या वर्षी ते कुटुंब शिकागो सोडून यरुशलेमला निघून गेलं. दुःख एका गीताने आटोपलं नाही. एवढं वाक्य जोडलं तरी त्या आईला बसायला जागा मिळते.

उलट दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना घरात लपवणाऱ्या डच ख्रिस्ती बाई कोरी टेन बूम यांचा प्रसंग पाहा. राव्हेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीत त्यांची बहीण बेट्सी मरण पावली. १९४७ मध्ये म्युनिकच्या एका चर्चमध्ये कोरी क्षमेवर बोलल्या आणि त्याच छावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून त्यांच्यासमोर आला. कोरींनी स्वतःच सांगितलं आहे की त्यांचा हात उचलला जात नव्हता. आधी प्रार्थना, मग हात. हा प्रसंग मी अनेकदा वापरला आहे आणि यापुढेही वापरेन, कारण त्यात दुबळेपणा झाकलेला नाही. प्रेरणादायी प्रसंग निवडताना माझी कसोटी हीच: यातल्या माणसाचं अडखळणं दिसतं का?

आता विनोदाकडे. पवित्र शास्त्रात हसू नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मत्तयाचा सातवा अध्याय मराठीत मोठ्याने वाचावा. भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेला माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्यात मुसळ! ज्यांच्या घरी उखळ-मुसळ होतं त्या आजीबाईंना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. त्या हसतात आणि दुसऱ्याच क्षणी गप्प होतात, कारण मुसळ कुणाचं ते कळलेलं असतं. विनोदाचं खरं काम हे आहे. सरळ बोट दाखवलं तर माणूस अंग चोरतो. हसता हसता त्याचं कवच सैल होतं.

सुईच्या नाकातून जाणारा उंटही असाच. यरुशलेमला त्या नावाचा एक बुटका दरवाजा होता, असं स्पष्टीकरण काही उपदेशक देतात. येशूच्या काळात असा दरवाजा असल्याचा पुरावा नाही, आणि त्या स्पष्टीकरणाने हसूही जातं आणि धारही. अख्खा उंट आणि बारीकशी सुई, एवढंच राहू द्या.

चर्चच्या इतिहासात दोन्ही बाजू भेटतात. इटलीतल्या सिएनाचा संन्यासी बर्नार्डिनो १४२७ मध्ये शहराच्या मोठ्या चौकात बोलत असे, तेव्हा नकला करी, लोकांना हसवी आणि त्याच दमात सावकारीवर कोरडे ओढी. दुसरीकडे जर्मन भाषक मुलखात ईस्टरच्या सकाळी मंडळीला हसवण्याची प्रथा होती. ती इतकी थिल्लर झाली की १५१८ मध्ये इकोलांपाडियस या धर्मसुधारकाने तिच्याविरुद्ध लिहिलं. पुनरुत्थानाच्या आनंदाचं हसू मला मान्य आहे. पण हसू आलं आणि पुनरुत्थान बाजूला पडलं, तर काय उरलं?

विनोद फसतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक, भाषांतरात. इंग्रजी किश्श्यांच्या संग्रहातला गोल्फ खेळणारा पाळक आपल्या गावच्या मंडळीला ओळखीचा नसतो; लोक सौजन्याने हसतात आणि तुमचं दीड मिनिट जातं. दुसरं ठिकाण जास्त गंभीर: कुणाच्या जिवावर हसायचं? बायको, सासू, बोलण्याची ढब, अपंगत्व, गरिबी, जात यांवरचा एकही किस्सा पुलपीटावर नको. आपल्या मंडळ्यांतल्या कित्येक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाचं हसणं सोसलं आहे. देवाच्या घरात तरी त्यांना ते पुन्हा ऐकायला लागू नये. यात मी तडजोड करत नाही.

प्रेतसंस्काराच्या आणि शुभ शुक्रवारच्या उपदेशात मी किस्सा घेत नाही. लग्नात जरूर घ्यावा, पण छोटा. वेळेचं भान दोन्हीकडे हवंच. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये, नाहीतर लोक झोपतात, असं सांगितलं होतं. आमच्या प्रॉटेस्टंट उपासनांत उपदेश बराच लांब असतो, तरी तीन मिनिटांहून मोठी गोष्ट मुद्दा गिळते. त्रोवस शहरात प्रेषित पौलाचं भाषण लांबलं आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. हे लूकने मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे.

गोष्टी शोधायला फार लांब जायला नको. हसण्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. त्यांत त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा विसराळू उदारपणा आणि घरातली तारांबळ इतक्या प्रेमाने आली आहे की हसताना कुणीही लहान होत नाही. प्रेरणेसाठी पंडिता रमाबाई आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणून केडगावला आसरा दिला. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी शास्त्राच्या भाषांतराचं काम त्यांनी ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटण्याआधी पुरं केलं. केडगाव पुण्याहून रेल्वेने जाऊन बघता येतं, आणि मंडळीतल्या कुणाची तरी आजी तिथे वाढलेली असू शकते.

एक उपदेश प्रत्यक्ष मांडून दाखवतो. वचन मत्तय १८, निर्दय चाकराचा दाखला. चाकराचं राजाकडून घेतलेलं कर्ज दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी, तर एकूण सहा कोटी दिवस. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. हा हिशेब फळ्यावर मांडावा तसा सावकाश मांडायचा आणि मग चाकराचं वाक्य वाचायचं: मला वागवून घ्या, मी सगळं फेडीन. मंडळी हसते. हसू द्यायचं. राजा सगळं कर्ज माफ करतो, आणि तो मात्र बाहेर जाऊन शंभर दिवसांच्या मजुरीसाठी सोबतीचा गळा धरतो. इथे हसू आपोआप थांबतं, वेगळा किस्सा लागतच नाही. त्यानंतर म्युनिकचा प्रसंग, तीन मिनिटांत. कोरींचा हात उचलला जात नाही, त्या ठिकाणी मी क्षणभर थांबतो, आणि मग पुढचं सांगतो.