बाऊल फीडर: उद्यमबागेतल्या शेडमधले आठ महिने

जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये बाऊल फीडर बसवला. काम एकच: व्हॉल्व्हमध्ये जाणारी टोपीची पिन उभी करून प्रेसपाशी पोचवायची. आधी दोन मावशी दिवसभर पिना वेचून ठेवायच्या. संध्याकाळी डबा उघडतानाही त्यांची बोटं वळायची नाहीत. आता एक जण गेजिंगला, म्हणजे मापं तपासायला आहे, दुसरी पॅकिंगला. माझ्या लेखी पैसे तिथेच वसूल झाले.

यंत्र तसं साधं. खाली कॉइल, भोवती तिरक्या पत्ती स्प्रिंगा, वर स्टीलचं वाडगं. कॉइल ओढते नि सोडते, वाडगं किंचित वर उचलत जरासं वळून परत येतं, आणि पिना बारीक उड्या मारत कडेच्या ट्रॅकवर चढतात. झटके किती नि केवढे ते कंट्रोलर ठरवतो. आपल्या 50 सायकलच्या (हर्ट्झच्या) विजेवर तो फुल वेव्हला, म्हणजे लाटेच्या दोन्ही अर्ध्या भागांवर ठेवला तर सेकंदाला 100 झटके, हाफ वेव्हला, म्हणजे एकाच भागावर, 50. आमची पिन हलकी, तिला 100 च मानवले. ट्रॅकच्या शेवटी खाच आहे. तिथे पिनेचा दांडा खाली उतरतो आणि पिन टोपीवर लटकून पुढे सरकते. आडवी आलेली परत वाडग्यात पडते. पहिल्या दिवशी आम्ही हातातला चहा निवेपर्यंत तेच बघत उभे होतो.

पण पहिले तीन आठवडे मनस्ताप झाला. कंट्रोलरचा नॉब कितीही फिरवा, पिना जागच्या जागीच नाचायच्या. पुरवठादार फोनवर ‘कंट्रोलर बदला’ एवढंच सांगत राहिला. शेवटी आमच्या गोकाककडच्या फिटर अण्णांनी टेबलावर तळहात ठेवला. वाडग्यापेक्षा टेबलच जास्त थरथरत होतं! अँगलचं ते हलकं टेबल काढून जाड प्लेट टाकली, पाय जमिनीत बोल्टने आवळले. त्याच दुपारी माल सुरळीत चढला.

मग पाऊस. बेळगावच्या दमट हवेत पिनांना गंज धरू नये म्हणून जाड तेल लावायचो. त्या तेलाने पिना चढावर घसरायच्या, एकमेकींना चिकटायच्या. आता भरण्याआधी धुऊन, वाळवूनच टाकतो. वाडगंही काठोकाठ भरत नाही, वजन वाढलं की चाल मंदावते.

एकदा सांडलेल्या पिना एका पोराने चुंबकाने गोळा केल्या. कडक केलेलं स्टील ते, चुंबकत्व धरून बसलं. जोड्या जोड्यांनी चढायला लागल्या आणि खाचेत अडकल्या. सगळा लॉट डिमॅग्नेटाइज करावा लागला. चुंबक आता कपाटात कुलपात असतो.

नोव्हेंबरात वेग पडला. स्प्रिंगचा एक बोल्ट सैल झाला होता आणि एका पत्तीला केसाएवढी चीर होती. तेव्हापासून दर शनिवारी बोल्ट तपासतो, कॉइल आणि ती ओढते त्या लोखंडी तुकड्यामधला गॅप फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पत्त्यांनी) बघतो. गॅप कमी पडला तर टकटक आवाज येतो, तो ऐकू आला की आधी यंत्र बंद करायचं. वाडग्याला आतून पॉलियुरेथेनचं अस्तर नंतर लावून घेतलं. ते पहिल्यापासूनच मागून घ्या. आवाज खूप कमी होतो, पिनांवर चरेही पडत नाहीत.

दर आठवड्याला पार्ट बदलत असाल तर हे घेऊ नका, ट्रॅक नि खाच एकाच पार्टच्या मापाची असते. एकच पार्ट हजारोंनी लागत असेल तर जरूर घ्या. मात्र पुरवठादाराकडे निवडक चकचकीत नमुने नेऊ नका. रोजच्या पेटीतला, कडांना बर (धातूची कुसळं) असलेला, तेलकट माल न्या, आणि तो तासभर तुमच्यासमोर चालवायला लावा.