आठ सीड्यांचा माइल्स, आणि एक ओरखडा

जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याचा 'प्लग्ड निकल' क्लबातल्या मैफलींचा सीडी बॉक्स शेवटी घेतला एकदाचा, फोर्टातल्या एका जुन्या रेकॉर्डवाल्याकडून, घासाघीस करून करून. ऱ्हिदम हाऊस हे मुंबईतलं सीडी-रेकॉर्डचं दुकान 2016 ला बंद झाल्यापासून असला माल समोर बघून, हातात धरून घ्यायची मजाच गेलीय राव.

आठ सीड्या, शिकागोच्या या क्लबातल्या डिसेंबर 1965 च्या दोन रात्री, सगळे सातही सेट, म्हणजे वादनाच्या फेऱ्या. तीच गाणी परत परत येतात म्हणून बायको म्हणाली एकच सीडी आठदा घेतलीस का, पण गंमत तिथेच आहे ना, आज ज्या गाण्याची चाल जरा तरी ओळखू येते तेच उद्या पार उसवून टाकलेलं, आपल्याकडे एकच राग रोज वेगळा उलगडतो तसंच काहीसं. ड्रमवाला टोनी विल्यम्स तेव्हा फक्त 20 वर्षांचा, आणि काय वाजवलंय पोरानं! माइल्स मात्र आजारपणातून नुकताच उठलेला, कुठे कुठे दम कमी पडतो. सॅक्सोफोनवाला वेन शॉर्टरच भाव खाऊन जातो.

मागे लोकांची बडबड ऐकू येते, मला आवडते, काहींना नाही आवडणार.

आता तक्रार. पाचव्या सीडीवर ओरखडा, नेमकी ऐन सोलोत अडकते. दुकानदार म्हणतो 'सेकंडहँड आहे साहेब'. अरे, मग आधी सांगायचं ना! घ्याल तर तिथेच प्लेअरवर लावून बघा, आठच्या आठ.